नमुन्याची बाटली

शिलाई कारखान्यातल्या निम्म्या बायकांना लघवीला जळजळ का होते, हे शोधायला डॉक्टरबाई आल्या. वरून आलेला आदेशच त्यांनी सुपरवायझरच्या हातात ठेवला. महिनाभर, दिवसातून तीनदा, प्रत्येकीच्या लघवीचा नमुना हवा. त्याने नाक मुरडलं, पण आदेशापुढे त्याचं काही चालेना.

महिना सरेपर्यंत जळजळ पार नाहीशी झाली. डॉक्टरबाई चक्रावल्या. त्यांनी प्यायचं पाणी तपासलं, साबण तपासला, कापडाचा रंगसुद्धा सोडला नाही. हाती काही लागलं नाही. शेवटी "आजार आपोआप बरा झाला, कारण अज्ञात" असं अहवालात ठोकून त्यांनी बाडबिस्तरा आवरायला घेतला.

तेवढ्यात काजं-बटणं करणारी मावशी रिकामी बाटली घेऊन दारात उभी राहिली.

"मावशी, आता नमुना नको. संशोधन संपलं आमचं."

"ते कळलं हो बाई. पण ही बाटली तेवढी माझ्याकडे राहू द्या."

"रिकामी बाटली? कशाला?"

"आम्ही सगळ्याजणी आळीपाळीने वापरू. हातात बाटली दिसली नाही, तर सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीपर्यंत मशीनवरून उठू देत नाही."