नंतर मोजू

"ताई, नवजात बाळांच्या वॉर्डात आज सकाळी नवे वायरलेस अलार्म बसवले. आतली चिप चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तुम्ही लिहिलेलाच आहे. चिपच्या झोपेचा आकडा बरोबर आहे ना?" हॉस्पिटलच्या तंत्रज्ञाने तिला फोनवर सहज विचारलं.

बॅटरी वाचवायला चिपने किती वेळ झोपायचं, ते त्या आकड्यावर ठरायचं; चिप झोपलेली असेल तेवढा वेळ बाळाचा श्वास अडखळला तरी अलार्म वाजणार नाही. नऊ वर्षांपूर्वी ती चिप हाताशी नव्हती, म्हणून तिने आकडा अंदाजाने ठोकून दिला होता. नंतर मोजू म्हणाली, ते राहूनच गेलं. पण ड्रायव्हर सगळ्यांना खुला होता. फाइल कुणीही घ्यायची, आपल्या यंत्रात वापरायची आणि चूक दिसली की सुधारायची, असा रिवाज.

"बघून सांगते," म्हणत तिने तो ड्रायव्हर वापरणाऱ्या पाच कंपन्यांच्या फाइली उघडल्या. पाचही ठिकाणी तोच आकडा! तिचा जीव भांड्यात पडला. एवढ्या जणांनी मोजलाय, म्हणजे अंदाज अचूक निघाला.

तिने लगेच उलटा फोन लावला. "बरोबर आहे हो. पाचही कंपन्यांचा तोच आहे."

"ते आम्हीही पाहिलं. त्यांना विचारलंसुद्धा, तुम्ही मोजलात का म्हणून. पाचही जण म्हणाले, ताईंनी मोजलाय, आम्ही कशाला परत मोजू?"

तिने नऊ वर्षांपूर्वीची आपली फाइल पुन्हा उघडली.

"आणि खरं सांगू, ताई? जुने अलार्म दिवसभर नुसते कोकलायचे. आज सकाळपासून एकही वाजलेला नाही."