वाल्व्हचा की साधा

धाकट्या भावाच्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्याने कुठल्याही अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज हुबेहूब काढणारी, गिटारला जोडायची इलेक्ट्रॉनिक पेटी घेतली होती आणि ती स्पीकरला जोडायला पॉवर अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. "दादा, जुना, काचेच्या वाल्व्हचा घेऊ की नवा साधा? तू म्हणशील तो."

जन्मभर मी अ‍ॅम्प्लिफायरच दुरुस्त केले. पण सल्ला द्यायचा म्हटलं की माझा हात अडतो. तीन कागद फाडले.

"अहो, दोन ओळी तर लिहायच्यात. सोयरीक नाही जुळवायची," बायको म्हणाली.

महिनाभर वाट पाहून त्याने जुना घेतला. त्याचं अर्थिंग तुटलेलं होतं. गिटारच्या तारांना हात लावला आणि शॉक बसून तो जागच्या जागी गेला.

त्याचं सामान माझ्याकडे आलं. काल दुपारी मी ती पेटी माझ्या साध्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. गिटार अजून खोक्यातच होती. स्पीकरमधून टक, टक, टक आलं. वाजवण्याआधी वायरच्या टोकावर तीनदा अंगठा आपटून बघायची त्याला सवय होती.

मी पेटी काढली, तरी आलं. भिंतीतला प्लग उपसला, तरी आलं.

"दार वाजतंय का हो?" बायकोने आतून विचारलं.

मी कागद घेतला, "साधा घे" एवढंच लिहिलं आणि त्याच्या बंद घराचा पत्ता घातला.

आज सकाळी कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला नाही. माझी बोटं अजून फटीतच होती. आतून त्यांच्या टोकांवर कुणीतरी अंगठा आपटून बघितला, तीनदा.