चिंचेपर्यंतचा रस्ता

जुन्या चिंचेखालून सायकल पुढं निघाली आणि वीसेक हातांवर मागचं चाक फुसकन खाली बसलं. सुंदरराव उतरले. आठवड्यातली ही तिसरी खेप.

पौषाची थंडी, ऊन नुकतंच वर आलेलं. डाव्या अंगाला बिंदुसरा नदीच्या पाण्यावर वाफ तरंगत होती. पलीकडं करडई पिवळीधमक फुलली होती, ज्वारी हुरड्यात आली होती आणि माळ्यावरून कुणीतरी गोफण फिरवत पाखरांना हाकलत होतं. एवढं बघायलाच सुंदरराव रोज सकाळी पालीहून निघत. काम काही नसे. कुणी विचारलं, मालक कुठं, तर म्हणत, कुठं न्हाई, नुसता फिरतो. कुठं जायचंच नाही तर माणूस एवढ्या घाईनं कशाला जातो, यावर पारावर रोज चेष्टा चाले. पण हैदराबादेहून आणलेल्या त्या सायकलीवर बसलं की पाटीलकी, भावकी, शेतसारा, सगळं मागं पडे. पावसात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. वर्षातले हे दोन-अडीच महिनेच काय ते त्यांचे.

त्यांनी चाक फिरवून बाभळीचा काटा उपसला. तेवढ्यात चिंचेच्या बुंध्याआडून कुणीतरी उठलं. म्हाळू धनगराची आई, साखराबाई. हातात झुडपाच्या फांद्यांची जुडी.

सुंदररावांच्या डोक्यात सणक गेली. लेकाची खोड आता आईनं उचलली तर. पंधरा दिवसांमागं धुक्यात त्यांनी म्हाळूला असंच बघितलं होतं, याच रस्त्यावर, फांद्या हातात घेऊन वाकलेला. मुद्दाम काटे पसरतोय, असं त्यांनी तिथंच ठरवून टाकलं. थांबून विचारलं नाही. हुरड्याला महसुलाचे गिरदावर आले होते, त्यांच्या कानावर घातलं, आणि चार दिवसांत म्हाळूचा कळप गायरानातून उठला. हुकूम वरून आला, एवढंच म्हाळूला कळलं.

"हातात काय हाय ते दाखव," सुंदरराव म्हणाले.

म्हातारीनं जुडी पुढं केली. तरवडाची होती, बिनकाट्याची. वाळलेलं एखादं पिवळं फूल अजून चिकटून होतं. एका अंगानं झिजून ती केरसुणीसारखी झाली होती.

"म्हाळूनं बांधलेली हाय, मालक. रस्ता झाडायला."

मग ती चिंचेच्या मुळीवर टेकली आणि दम खात बोलत राहिली. गेल्या साली मालक एकदा म्हाळूवर ओरडले होते, तुमच्या शेरडांपायी माझ्या वाटेवर काटे होतात म्हणून. ते त्याला पटलं होतं. बाभळी तोच छाटायचा आणि काटे शेरडांच्या पायानंच रस्त्यावर यायचे. तेव्हापासून थंडीच्या दिवसांत तो उजाडायच्या आत उठायचा आणि ओढ्यापासून मैलाच्या दगडापर्यंत सगळी वाट झाडायचा. मग मेंढरं घेऊन बांधावर उभा राहायचा, सायकल दिसेनाशी होईपर्यंत.

"मी म्हनायची, कावून रं, त्यो काय तुजा सोयरा हाय? तर म्हनायचा, आये, ती घंटी वाजली की कोकरंबी माना वर करत्यात. बघ तरी एकदा."

गेली अख्खी थंडी चाकात एक काटा शिरला नव्हता. सुंदररावांनी त्याबद्दल चारचौघांत विलायती रबराची तारीफ केली होती, ते त्यांना आठवलं.

"आता कुठं हाय म्हाळू?"

"नगरकडं गेला, हद्दीपल्याड इंग्रजी मुलखात. मला चालवत न्हाई म्हनून ठिवून गेला हितंच. जाताना सांगून गेला, आये, मालकाचा रस्ता झाडत जा. पन माजी कंबर चिंचंपतुरच साथ देतीया."

सुंदररावांनी मागं वळून बघितलं. ओढ्यापासून चिंचेपर्यंत धुळीत झाडल्याच्या बारीक रेघा होत्या आणि त्यांच्यावरून त्यांच्या चाकांची वळवळती खूण आली होती. चिंचेच्या पुढं नुसता फुफाटा आणि छाटलेल्या बाभळीचा कचरा.

म्हातारी काठीसारख्या हातानं डोळ्यांवर सावली करून त्यांच्याकडं बघत होती.

"मालक, तुमचं वजन हाय कचेरीत. कुनी चुगली केली, काय ठावं. माजं लेकरू वाईट न्हाई. एक शबूद टाका की."

सुंदररावांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी हँडल घट्ट धरलं. घंटीला अंगठा लागून ती अर्धवट वाजली, आणि म्हातारीनं चटकन गायरानाकडं मान वळवली. तिथं काही नव्हतं. राखेचा एक काळा डाग आणि वाळलेल्या लेंड्या.

"टाकतो," ते म्हणाले.

तिनं दोन्ही हात त्यांच्या तोंडावरून उतरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. पोराबाळांची नावं घेऊन आशीर्वाद दिले. सुंदरराव ते सगळं मान खाली घालून ऐकत उभे राहिले. मग त्यांनी सायकल फिरवली आणि झाडलेल्या रेघांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं, काटेकुटे तुडवत चालू लागले.

मागून म्हातारीचा आवाज आला.

"आज तुमची फेरी बुडाली माज्यापायी. उद्या या, मालक. उद्या जरा लवकर उठते."