आदर्श वाचन

सातवीच्या वर्गाने कपाळाला पट्ट्या लावल्या, निमकर बाईंनीही लावली. पट्ट्या आल्यापासून वाचणाऱ्याच्या मनात जे असेल ते ऐकणाऱ्यांच्या मनात थेट उतरायचं. आधी बाईंचं आदर्श वाचन, मग मुलांचं, ही पद्धत मात्र जुनीच होती.

धडा होता मालक गेल्यावरही फाटकाशी त्याची वाट बघणाऱ्या कुत्र्याचा. बाईंनी तो स्वच्छ उच्चारांत, योग्य जागी थांबत, शेवटी आवाज कापरा करत वाचला. तोवर अख्खा वर्ग जांभया देऊ लागला होता.

"इतका करुण धडा आणि जांभया कसल्या देताय?" बाई कडाडल्या.

"बाई, काल घरी वाचताना मी रडले होते," पहिल्या बाकावरची मृण्मयी चाचरत म्हणाली. "आत्ता नुसतं वाटतंय, कधी एकदा तास संपतोय आणि चहा मिळतोय. मी तर चहा पीतच नाही."

दरवर्षी बाई हा धडा असाच वाचत आल्या होत्या. त्यांना मान वर करवेना.

बऱ्याच वेळाने त्यांनी पाहिलं, तर सगळ्या वर्गाने माना खाली घातल्या होत्या. पट्ट्या अजून कपाळावरच होत्या.

"बाई," मृण्मयीने वर न बघताच विचारलं, "आमचं काय चुकलं?"