मोठी अक्षरं

२०२१ सालची गोष्ट. सोलापुरात रत्नदीपचा व्हिडिओ गेमचा स्टुडिओ होता. नवा गेम आधी आईने, पारूबाईंनी खेळायचा, हा तिथला रिवाज. दरवर्षी गेममधली अक्षरं आणखी मोठी, रंग आणखी भडक होत गेले. खेळणारे म्हणत, ही यांची शैली.

त्या वर्षी पारूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर खात्री देत नव्हते. पट्टी निघताच रत्नदीपने धास्तावून ताजा गेम पुढे धरला.

"व्हय रं, येवडाली अक्षरं कुनासाठी काडलीस? आंधळ्यासाठी हाय का ह्यो खेळ?"

रत्नदीप हसत सुटला.

पुढचा गेम बारीक अक्षरांत निघाला, खेळणारे कुरकुरले. पारूबाई मात्र आता हरल्या की डोळ्यांना दोष देत नाहीत. "तुजा गेमच लबाड हाय की," म्हणतात.