कमी विजेचा डबा

दादाच्या एका वाक्याने बैठकीत सगळेच अवघडून गेले होते. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ जपणारा, ते टीव्हीवर दाखवणारा, सर्वांत कमी वीज खाणारा डबा समर्थने महिनाभर खपून निवडला होता; आणि थोरला भाऊ म्हणाला होता, “दोन घे.”

“अरे दादा, ह्यात दोन डिस्क आहेत. एक गेली तरी दुसरीत सगळं राहतं.”

“तरी दोन घे. दोन्हींत सारखंच भर.”

“घर एक, टीव्ही एक आणि डबे दोन? वीज दुप्पट जाईल ना!”

“एकाच मीटरवर कुठे लावायचेत?”

समर्थला उमजेना. वहिनी निवडलेलीच मेथी पुन्हा निवडू लागली.

“दुसरा मीटर कुणाचा, दादा?”

“वाटण्या झाल्या की घरं दोन होतील,” म्हणत दादाने पायात चपला सरकवल्या आणि तो शेतातल्या गुलाबांच्या शेडकडे चालू लागला.