मागचा आवाज

धनाजीच्या आराधी मेळ्यात गजराबाई वर्षानुवर्षं मागं बसून गात आली होती. वरच्या सुराला धनाजीचा गळा चिरकायचा, तिथं तिचा आवाज त्याला झाकून घ्यायचा. वाहवा मात्र त्याची व्हायची.

यंदा तुळजापुरात मेळ्याच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग झालं. गजराबाईच्या लेकीनं, ज्ञानेश्वरीनं, मिक्सर कॉम्प्युटरला जोडला होता, त्यामुळं प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा साठला. ऐकायला सगळा मेळा जमला, तेव्हा धनाजीनं फर्मावलं, "आवाज येगळे साठलेत, तर तुझ्या आईचा काढून टाक. गाणं माझ्या नावावर येणार. मागं बाईचं रेकणं कशाला पायजे?"

लेकीनं आईकडं पाहिलं.

"काढ," गजराबाई म्हणाली.

ज्ञानेश्वरीनं तो आवाज काढला आणि मोठ्या स्पीकरवर गाणं लावलं. पहिल्याच वरच्या सुराला धनाजीचा गळा फाटला. संबळवाल्यानं मान खाली घातली. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"बंद कर ते!" धनाजी ओरडला.

ज्ञानेश्वरीचा हात बटणाकडं गेला. गजराबाईनं तो वरच्यावर धरला.

"राहू दे, बाय. पुढचं कडवं तर लई उंच हाय."